काटकसर चालू ठेवा!

मराठी मध्यमवर्गीय घरात संस्कार भिंतीवरच्या बटणांपासून सुरू होतात. शुभंकरोति नंतर, आधी ‘खोलीत कुणी नसताना पंखा कशाला?’ इतर घरांत या वाक्याला ‘वीज मंडळ काय बापाचं आहे?’ अशी पुरवणी असते. आमच्या बाबांची तेवढी सोय नव्हती. ते सांगलीला वीज मंडळाच्या बिलिंगमध्येच होते, त्यामुळे पोरांनी ‘हो’ म्हटलं असतं. मग ते नुसते बघायचे. त्या बघण्यानेच पंखे बंद व्हायचे.

अशा घरातल्या मुलाने ग्लासगोजवळ नवं घर घेतलं, आणि त्यात निघाला हीट पंप. निवडीचा प्रश्नच नव्हता. स्कॉटलंडमध्ये १ एप्रिल २०२४ पासून परवान्यासाठी अर्ज होणाऱ्या नव्या घरांत गॅसचा बॉयलर बसवायला बंदी आहे. त्याऐवजी परसात पंखा असलेली एक मोठी पेटी उभी असते. बाहेर दोन अंशांचं काकडवणारं हवामान असलं तरी ती त्या हवेतली उष्णता ओढते, कॉम्प्रेसरने तिचं तापमान चढवते आणि घरात फिरणाऱ्या पाण्याला देते. वीज लागते ती या ने-आणीपुरती. म्हणून एक युनिट वीज घातली की साधारण तीन युनिट उष्णता मिळते.

हे मी बाबांना फोनवर सांगितलं. थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “एकाचे तीन? असल्याच एका स्कीममध्ये खालच्या मजल्यावरच्यांचा प्रॉव्हिडंट फंड गेला.”

त्या हिवाळ्यात आई-बाबा आमच्याकडे आले. डिसेंबरातच का, तर तिकिटं स्वस्त होती. बाबांनी स्वेटर, कानटोपी, मफलर हा जामानिमा न उतरवता आधी रेडिएटरला हात लावला. “अरे, हा बंद आहे.”

“चालू आहे, बाबा.”

“ताप आलेल्या पोराचं कपाळ याच्यापेक्षा गरम असतं.”

हीट पंपाचं मर्म नेमकं इथेच आहे. बॉयलरवाल्या घरात रेडिएटरचं पाणी साठ-सत्तर अंशांवर असतं, हात भाजतो आणि पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. हीट पंपाच्या पाण्याचं तापमान जितकं कमी, तितका तो स्वस्त. अंशाअंशाला दोन-तीन टक्क्यांचा फरक पडतो. आमच्याकडे बसवणारे लोक तो पंचावन्नावर ठेवून निघून गेले होते, तो मी चाळिसाच्या आसपास आणला. बाहेरच्या थंडीप्रमाणे पाणी किती तापवायचं याचा यंत्रात एक ‘कर्व्ह’ असतो, तो बसवायचा आणि मग कशाला हात लावायचा नाही. दिवसरात्र मंद चालू ठेवायचं. मंद चालू! बाबांना हे शब्द शिवीसारखे लागले.

रात्री सगळे झोपल्यावर ते उठून थर्मोस्टॅट बंद करत. पहाटे आई काकडत उठून तो चालू करी. मग गार पडलेलं घर झटपट तापवायला यंत्र पाणी चढवत नेई, तरी पुरेना म्हणून मदतीला साधा विजेचा हीटर येई, आणि तो एका युनिटाला एकच युनिट उष्णता देतो. स्वयंपाकघरात स्मार्ट मीटरचा छोटा डबा आहे. वापर कमी असला की हिरवा दिवा, मध्यम असला की पिवळा, जास्त झाला की लाल. बाबा सकाळी त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसत. चहाची किटली लावली की लाल. “बघ, बघ, पळतोय!” आईने धसक्याने एकदा किटली अर्ध्यातच बंद केली आणि सगळ्यांना कोमट चहा दिला.

गोठणबिंदूच्या आसपास हवा दमट असली की बाहेरच्या पेटीच्या पात्यांवर हिम साचतं. ते वितळवायला यंत्र थोडा वेळ उलटं चालतं आणि पेटीतून वाफेचा लोट उठतो. बाबांनी तो खिडकीतून पहिल्यांदा पाहिला तेव्हा “धूर! धूर!” करत पायात माझे बूट घालून ते परसात धावले. “डिफ्रॉस्ट चाललंय,” मी म्हटलं. “कुणाच्या पैशाने?” ते म्हणाले.

आईचं गाऱ्हाणं वेगळं होतं. पाण्याची टाकी अठ्ठेचाळीस अंशांवर असते. आठवड्यातून एकदा तेवढी जंतूंसाठी ती साठावर जाते. “जंतूंना कढत पाणी आणि मला कोमट?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तो साठ अंशांचा दिवस आईने न्हाणीसाठी राखून ठेवला.

बाबांना बाहेर काढावं म्हणून केल्विनग्रोव्ह पार्कात नेलं. तिथे लॉर्ड केल्विन यांचा पुतळा आहे. ग्लासगोत प्राध्यापक असताना, १८५२ मध्ये, याच तत्त्वावर इमारती तापवता आणि गार करता येतील हे त्यांनी मांडलं. बाबांनी पुतळ्याकडे आदराने पाहिलं. “माणूस मोठा. पण त्यांच्या वेळी युनिटचा दर काय होता?”

कारण दुखणं दराचंच होतं. आमच्याकडे विजेचं युनिट पंचवीसएक पेन्सला पडतं, म्हणजे अठ्ठावीसेक रुपये. हे कळल्यावर मंडळातून निवृत्त झालेला तो माणूस सोफ्यावर टेकला. गॅस सहाएक पेन्स. म्हणजे यंत्राने एकाचे तीन केले, तरी वीज गॅसच्या चौपट महाग. त्यात विजेचा घाऊक भाव बहुतेक वेळा गॅसवर चालणारी वीजकेंद्रंच ठरवतात. गॅस घरातून गेला, भावात बसलाच आहे.

शेवटी बाबांनी पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने हिशोब मांडला. घराला वर्षाची उष्णता, गरम पाण्यासकट, ६,६०० युनिट. हीट पंपाला लागणारी वीज २,२००. पंचवीस पेन्सनी ५५० पौंड. बॉयलर असता तर धुराड्यातून जाणारं धरून गॅस ७,३००. सहा पेन्सनी सुमारे ४४०. शिवाय गॅस वापरा न वापरा, जोडणीचा स्थिर आकार रोजचे तीसएक पेन्स, वर्षाचे ११०. बेरीज ५५०. बाबांनी खाली दुहेरी रेघ मारली, चष्मा काढला. “एवढं रामायण करून बरोबरी?”

पण त्यातच त्यांना वाट दिसली. एकाचे तीनऐवजी साडेतीन झाले, तर सत्तर-ऐंशी पौंड निव्वळ खिशात. त्या रात्री थर्मोस्टॅटला कुणी हात लावला नाही. पुढे बाबाच कर्व्ह एकेक अंशाने उतरवू लागले. संक्रांतीला मराठी मंडळी जमली, तेव्हा घरांच्या किमती आणि मुलांच्या शाळा बाजूला राहिल्या. ‘तुमचं बिल किती आलं?’ यावर चर्चा रंगली आणि बाबा मधोमध उभे राहून तिळगूळ वाटावा तसा सल्ला वाटत होते : “बंद-चालू करू नका. मंद ठेवा आणि विसरा.” आई कोपऱ्यातून ऐकत होती.

मे महिन्यात सांगलीहून बाबांचा फोन आला. आवाजात काकुळती. घरातला एसी, जो आजवर पाहुणे आले तरच लागायचा, तो आता चोवीस तास चालतो. आईने शोध लावला आहे की एसी म्हणजे हीट पंपच, फक्त उलटा. तो बंद-चालू करायचा नाही, मंद ठेवून विसरायचं.

“तिला सांग,” बाबा म्हणाले, “आपल्या भिंतींत इन्सुलेशन नाही, खिडक्यांच्या फटींतून बोट जातं, आणि इथे युनिटं वाढली की वरचा स्लॅब लागतो. कुणी नसताना बंदच केला पाहिजे.”

मी समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. “त्याला काय विचारताय अहो? आधी कर्व्ह बघा, कर्व्ह!”