शिळ्या पोळीचा जमाखर्च

१९६५ साली, धान्यटंचाईच्या दिवसांत, पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा ज्या कुटुंबप्रमुखांनी सोमवारची रात्र निष्ठेने पाळली, पण तत्पूर्वी साबुदाण्याच्या खिचडीची तजवीज करवून घेतली, त्यांच्याच वंशात काटकसरीचे शास्त्र आजतागायत अबाधित आहे. रात्रीच्या दोन पोळ्या उरल्या, की त्या वाया जाऊ नयेत म्हणून सकाळी कुस्करायच्या. मग पळीभर तेल, मोहरी, हिंग, मूठभर शेंगदाणे, दोन कांदे, वर ओले खोबरे, कोथिंबीर आणि लिंबू असा सरंजाम त्या दोन पोळ्यांच्या उद्धारार्थ खर्ची पडतो, आणि वाचलेल्या पिठाची रक्कम तेवढी बचतीच्या खाती जमा होते. तेलाचा रकाना वहीत नसतोच. कुस्करा रुचकर लागतो, हे मान्य. परंतु ज्या दिवशी फोडणीपुरतेही तेल डब्यात नसते, त्या दिवशी तीच पोळी, कालच्या आंबूस आमटीसह, कोणाच्या ताटात जाते याची दप्तरी नोंद आढळत नाही. यजमान मात्र ताज्या पोळीवर तूप वाढून घेत, “आमच्या घरात अन्न टाकायची रीत नाही,” असे पाहुण्यांस अभिमानाने सांगत असतात.