तायडीचे गुण जुळले

"ऐकलं का आक्का, आमच्या तायडीला मोबाइलनं पक्ष काढून दिला."

आक्का कुंपणापलीकडं मेथी निवडत बसल्या होत्या. नारायणगावच्या मार्केटात शेकड्याचा भाव कोसळला की आमच्या आळीत घरोघरी मेथीच मेथी. विकायला नेली तर टेम्पोचं भाडंही सुटत नाही, मग वाटून टाकायची. आक्कांसमोर तसला ढीग होता, म्हणजे तासभर तरी त्या हलणार नव्हत्या.

"पक्ष काढून दिला म्हंजी? पत्रिका काढत्यात तसा?"

"अगदी तसाच. कॉलेजच्या ग्रुपवर लिंक आली होती. तीस प्रश्न. पटतं, पटत नाही, सांगता येत नाही. शेवटी उत्तर आलं, अमुक पक्षाशी तुमचे ७८ टक्के गुण जुळतात."

"आन् बावीसचं काय? नाडीदोष का?"

कुठला पक्ष ते मी इथं सांगणार नाही. आक्कांनाही सांगितलं नाही, म्हणजे संध्याकाळपर्यंत त्यांना ते कळणारच होतं.

आता एवढं निमित्त काय, तर झेडपीची निवडणूक. गोष्ट २०२५ ची. पुणे जिल्हा परिषदेची त्याआधीची निवडणूक फेब्रुवारी २०१७ ची, तेव्हा तायडी चौथीत. मार्च २०२२ ला मुदत संपली आणि तेव्हापासून प्रशासकच होता. मधल्या काळात अठरा झालेल्या पोरांनी झेडपीचं मशीन तोवर पाहिलेलंही नव्हतं. या वेळी १ जुलै २०२५ ची मतदारयादी धरली होती. तायडी जूनची, बसली बरोबर. तिची खालच्या आळीतली मैत्रीण ऑगस्टची, ती राहिली. फॉर्म ६ भरून दोघी एकदमच आल्या होत्या, मग तायडी तिच्यासमोर बोट नाचवायची, शाई लागायच्या आधीच.

"प्रश्न तरी काय व्हते?" आक्कांनी मेथीची काडी मोडत विचारलं.

"देशात सगळ्यांना एकच नागरी कायदा हवा का. परदेशी कंपन्यांना किती मोकळीक द्यावी. आणि प्राण्यांच्या शर्यतींवर बंदी घालावी का."

"मग?"

"तायडीनं लिहिलं, घालावी."

आक्कांच्या हातातली मेथी हातातच राहिली. आमचे मामंजी म्हणजे बैलगाड्याचे जुने शौकीन, हे अख्ख्या आळीला माहीत. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हा ते महिनाभर कुणाशी धड बोलत नव्हते. डिसेंबर २०२१ मध्ये कोर्टानं परत परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदाच कायम केला, तेव्हा त्यांनी घरात पेढे वाटले. आता नातीशी बोलणं बंद आहे. चहा मागायचा तर मला सांगतात, "तिला म्हणावं चहा ठेव."

गंमत अशी की आपल्याकडं या प्रश्नावरून पक्ष ओळखायला गेलं तर फसलंच माणूस. जुन्नर, आंबेगाव, खेड, कुठल्याही घाटावर जा, शर्यत नको म्हणणारा उमेदवार दाखवा. खासदार अमोल कोल्हे तर २०२२ मध्ये निमगावच्या घाटात बैलांपुढं घोडीवर बसले होते. आधी शब्द दिला होता म्हणून. सगळ्यांचं उत्तर एकच असेल तर त्या प्रश्नानं कुणाचे गुण कमी-जास्त होणार?

"आन् बिबट्याचं काय विचारलं?"

"काही नाही."

"दिवसाच्या लाइटीचं?"

"नाही."

"मग त्यो पेपर काढणारा कुठला म्हणायचा? इथं माणूस रात्रीचं पाणी धरायला उसात जातो तवा घरातल्या बाईला झोप लागत नाय, आन् ह्यो इचारतोय परदेशी कंपन्या!"

खरंच, माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. पण पिंजरे वाढवायचे, नसबंदी करायची की माणसांना दिवसा वीज द्यायची, यावर कुठल्या पक्षाचं लेखी म्हणणं काय, हे तुम्ही शोधून दाखवा.

मग मी डिंभ्याच्या बोगद्याचा विषय काढला, तो काढायला नको होता असं आक्कांचा चेहरा सांगत होता. डिंभे धरणातून माणिकडोह धरणात पाणी न्यायचा हा बोगदा. आक्कांचं माहेर घोडेगावचं, आंबेगावचा पाणी घालवायला विरोध. माझं माहेर श्रीगोंद्याचं, कुकडीच्या कालव्यावर खालच्या अंगाला. आम्ही आवर्तनाची वाट बघत मोठ्या झालो.

"पाणी आमचं आन् ऊस तुमचा," आक्का म्हणाल्या.

"धरण सरकारचं आहे आक्का."

"धरणात बुडालेली गावं कुणाची व्हती?"

यावर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी त्यांच्या ढिगातली एक जुडी ओढून निवडायला घेतली. पण तायडीच्या चाचणीत बोगदा असता तर तिनं काय लिहायचं? पक्ष एकच असला तरी घोडेगावचा माणूस एक सांगणार आणि श्रीगोंद्याचा दुसरं. इथं भूमिका धरणाच्या वरच्या बाजूची की खालच्या बाजूची, एवढंच बघायचं असतं.

"आमचा पुतण्या सांगत व्हता, जर्मनीत बी आसलं कायतरी हाय," आक्का म्हणाल्या. पुतण्या स्टुटगार्टला आहे, त्याचा उल्लेख दिवसातून एकदा होतोच.

आहे, आणि ते चांगलं आहे. वाल-ओ-माट नाव. २००२ पासून तिथली सरकारी नागरिकशिक्षण संस्था चालवते. ३८ विधानं असतात, ती ठरवताना तरुण पोरापोरींना बसवतात, आणि मुख्य म्हणजे उत्तरं पक्षांनी स्वतः लिहून द्यायची. जो मुद्दा तुम्हाला जास्त मोलाचा वाटतो त्याला दुप्पट वजन देता येतं. २०२१ च्या निवडणुकीत दोन कोटींहून जास्त वेळा लोकांनी ते वापरलं. त्याआधी हॉलंडवाल्यांनी १९८९ मध्ये शाळांसाठी कागदावर हाच प्रकार काढला होता. तायडीच्या चाचणीखाली मात्र कुणाचंच नाव नव्हतं. पक्षांची उत्तरं कुणी भरली, देव जाणे.

"पक्षानं सोताच्या हातानं लिहून दिलं, तरी पाच वर्षं त्यो पक्ष ऱ्हायला पायजे ना जागेवर," आक्का म्हणाल्या.

इथं मला त्यांना सलाम करावासा वाटला. कोल्हे नारायणगावचे, आपल्या गावचे. २०१९ मध्ये लोकसभेला ते राष्ट्रवादीच्या घड्याळावर उभे आणि समोर शिवाजीराव आढळराव शिवसेनेच्या धनुष्यबाणावर. २०२४ मध्ये घड्याळ आढळरावांकडं आणि कोल्हे तुतारीवर. ज्यानं घड्याळाशी गुण जुळवून ठेवले होते त्यानं आता कुणाच्या मांडवात जायचं? जुन्नरचे शरद सोनवणे २०१४ ला मनसेचे, तेही अख्ख्या महाराष्ट्रात मनसेचे एकटे आमदार. २०१९ ला शिवसेनेकडून पडले. २०२४ ला अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. आता अपक्षाचा कसला जाहीरनामा आणि कसली चाचणी! जुन्नरच्या कुठल्याही पोरानं गेल्या विधानसभेला असली चाचणी शंभर वेळा दिली असती तरी जो माणूस निवडून आला त्याचं नाव त्या चाचणीला सांगताच आलं नसतं. मला तर याचंच हसू येतं.

आणि आंबेगावात? दिलीप वळसे पाटील १९९० पासून सलग निवडून येतात, आधी काँग्रेस, मग राष्ट्रवादी, मग अजितदादांची राष्ट्रवादी. पक्ष बदलले, आमदार तोच. २०२४ ला आठव्यांदा आले ते अवघ्या १,५२३ मतांनी, तुतारीवाल्या देवदत्त निकम यांच्यापुढं. त्यात त्याच नावाचा आणखी एक अपक्ष उभा होता, चिन्ह ट्रम्पेट. त्यानं जवळजवळ तीन हजार मतं खाल्ली. चाचणीनं पक्ष बरोबर सांगितला तरी मशीनसमोर दोन सारखी नावं आणि दोन वाजवायची चिन्हं, तिथं गणित कुठं कामाला येतं?

आक्का गप्प झाल्या. मग इकडंतिकडं बघून म्हणाल्या, "माझं पहिलं मत सत्त्याहत्तरचं. तवा एकवीस पुरं लागायचं. सासऱ्यांनी निघतानाच सांगितलं, गाय-वासरावर शिक्का मारायचा."

"मारलात?"

"नांगरवाल्यावर मारला."

"आणि घरी?"

"घरी काय? इचारलं कुणी? गाय-वासरू म्हणाले. सासरे गेले, मालक गेले, कुणाला कळलं नाय. आज तुलाच सांगते."

अठ्ठेचाळीस वर्षं एक बाई पोटात ठेवते, आणि आमच्या लेकीनं दहा मिनिटांत तीस मतं, गावाचं नाव आणि मोबाइल नंबर देऊन टाकला. नंबर दिल्याशिवाय निकालच दिसत नव्हता म्हणे. दुसऱ्या दिवशीपासून "ताई, आपला आशीर्वाद असू द्या" सुरू. एकानं तर थेट आमच्या झेडपी गटाचं नाव घेऊन फोन केला. फेसबुकवरच्या असल्याच एका चाचणीतून केंब्रिज ॲनालिटिकावाल्यांनी ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती उचलल्याचं २०१८ मध्ये फेसबुकनंच सांगितलं होतं, आणि चाचणी दिलेली माणसं त्यात थोडीच होती, बाकीचे त्यांचे मित्र. पक्ष कुठला लागला याचं मला काही वाटत नाही. नंबर गेला याचा राग आहे.

एवढ्यात तायडी बाहेर आली. तिला वाटलं आम्ही तिची टिंगल करतोय, आणि तिला बरोबरच वाटलं.

"आई, त्या चाचणीमुळं मी निदान नागरी कायदा म्हणजे काय ते वाचलं. तू वाचलंस?"

हे मात्र खोटं नाही. तीस प्रश्नांपैकी बारा-तेरांना तिनं आधी "सांगता येत नाही" लिहिलं होतं, मग रात्री बसून एकेक शोधत होती. मी इतकी वर्षं मतदान करते, रांगेत उभी राहून समोरच्या बाईची साडी बघण्यापलीकडं काही केलेलं नाही.

"आणि झेडपीला दोन मतं आहेत," तायडी म्हणाली, "एक गटाला म्हणजे झेडपीला, एक गणाला म्हणजे पंचायत समितीला. चाचणीनं एकच पक्ष सांगितलाय. म्हणून मी आता माणसं बघतेय." तिनं मोबाइल पुढं केला. आमच्या गटातून या वेळी जो गुडघ्याला बाशिंग बांधून बसला होता, तो मागच्या वेळीही उभा राहिला होता. त्याचं तेव्हाचं शपथपत्र तिनं शोधून काढलं होतं. सुप्रीम कोर्टाच्या २००२-०३ च्या निकालांपासून उमेदवाराला हे सगळं जाहीर करावं लागतं: शिक्षण, गुन्हे, जमीन, गाड्या, कर्ज, बायकोच्या नावावरचं सुद्धा.

आक्कांनी मेथीचं ताट खाली ठेवलं.

"सोनं बी लिहित्यात?"

"ग्रॅममध्ये."

"आन् सोसायटीचं कर्ज? थकलेलं?"

"तेही आहे."

"अगं मग हे सोडून त्या परदेशी कंपन्या काय इचारत बसली व्हतीस!" आक्का उठून कुंपणाच्या तारेपाशी आल्या. "वाच तायडे, मोठ्यानं वाच. बायकोच्या नावावरचं आधी."