मनगटातून बोलण्याबाबत सविनय अर्ज

प्रति,
स्मार्टवॉचचे मा. रचनाकार, मा. विक्रेते, तसेच दिवाळीत ते आई-वडिलांच्या हातावर बांधून पुन्हा विमानात बसणारी सर्व मुले, मुली, सुना व जावई.

विषय : फोनला हात न लावता बोलण्याच्या सोयीमुळे झालेल्या गैरसोयीबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, अर्जदार हे डोंबिवली पूर्वेतील ज्येष्ठ दाम्पत्य असून त्यांचा मुलगा सिअ‍ॅटलला आणि मुलगी बंगळुरूला असते. गेल्या दिवाळीत मुलाने बाबांच्या मनगटावर एक चकचकीत घड्याळ बांधले, तसलेच आईच्याही, आणि भाऊबीज आटोपून तो परत गेला. जाताना म्हणाला, “आता काळजी मिटली.” कोणाची, ते त्याने स्पष्ट केले नाही. पेटीतली माहितीपुस्तिका अर्जदारांनी वाचायला घेतली, परंतु ती वाचण्यासाठी लागणारे भिंग पेटीत नव्हते.

मनगटावरच्या फोनचे अर्जदारांना अप्रूप नाही, असा गैरसमज नसावा. 1946 साली डिक ट्रेसी या अमेरिकन चित्रकथेतला गुप्तहेर मनगटावरच्या रेडिओतून बोलू लागला, तेव्हा हे दोघे जन्मलेलेही नव्हते. पुढे त्यांनी ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट पाहिली, घरी फोन यावा म्हणून प्रतीक्षायादीत वर्षे काढली. मोबाइल 1995 साली आला तेव्हा मिनिटाला 16 रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. ते 2003 साली थांबले. मिस्ड कॉल ही याच पिढीची कमाई. एकदा वाजवून कापला म्हणजे ‘पोचलो’, दोनदा म्हणजे ‘उशीर होईल’. अशा माणसांच्या मनगटात तुम्ही लाउडस्पीकर बसवलात. आता आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काय म्हणतो ते सबंध मजल्याला ठाऊक असते. बँकेचा ओटीपीही एकदा मोठ्याने वाचून झाला आहे.

तेही सोसता येईल. मुख्य तक्रार वेगळी आहे.

दीड-दोन हजारांच्या घड्याळाच्या पेटीवर ‘ब्लूटूथ कॉलिंग’ असे ठळक छापलेले असते. याचा अर्थ कोणताही दुकानदार आपण होऊन सांगत नाही. हे घड्याळ स्वतः फोन लावतच नाही. फोन लावतो तो मोबाइल, घड्याळ फक्त त्याचा माइक आणि स्पीकर होते. दोघांत साधारण 10 मीटरपेक्षा जास्त अंतर पडले, किंवा मध्ये दोन जाड भिंती आल्या, की त्यांचे बोलणे बंद. बाबा सकाळी दूध आणायला खाली उतरतात तेव्हा मोबाइल टीव्हीशेजारी चार्जिंगला असतो. तेवढा वेळ त्यांच्या मनगटावरचे ते सुरक्षा उपकरण फक्त वेळ दाखवते आणि पावले मोजते. जिन्यात पाय घसरला तर पावले मोजायचे थांबेल, एवढेच.

स्वतःच्या बळावर फोन लावणारी घड्याळे वेगळी असतात. त्यांत ई-सिम असते आणि मोबाइल घरी राहिला तरी चालते. भारतात अ‍ॅपलचे असे घड्याळ मे 2018 मध्ये जिओ आणि एअरटेलवर सुरू झाले. त्यांची किंमत ब्लूटूथवाल्यांच्या कितीतरी पट असते, ही गोष्ट अर्जदार समजू शकतात. समजत नाही ते हे, की दोन्ही प्रकारांच्या जाहिरातीत तेच पांढऱ्या केसांचे हसरे आजोबा का असतात.

पडण्याचा विषय निघालाच आहे, तर न्यायाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. अ‍ॅपलने 2018च्या सिरीज 4 पासून पडल्याचे ओळखण्याची सोय दिली. माणूस जोरात आपटला आणि सुमारे मिनिटभर हललाच नाही, तर घड्याळ आपण होऊन मदतीचा फोन लावते आणि नेमून दिलेल्या माणसांना ठिकाण कळवते. नॉर्वेमध्ये 2019 साली 67 वर्षांचे एक गृहस्थ रात्री बाथरूममध्ये कोसळले. घड्याळाने फोन लावला आणि पोलीस घरी पोचले. सॅमसंगच्या अनेक घड्याळांतही अशी सोय आहे. याची चेष्टा करण्याचे धाडस अर्जदार करणार नाहीत.

मात्र ते गृहस्थ बाथरूममध्ये घड्याळ घालून गेले होते. डोंबिवलीत ते काढून जातात. ज्यांच्या हातावर वर्षानुवर्षे एचएमटीचे घड्याळ होते, त्यांचा हात आंघोळीआधी आणि झोपण्याआधी आपोआप पट्ट्याकडे जातो. त्यात अ‍ॅपलच्या अनेक साध्या घड्याळांची बॅटरी कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे 18 तास, म्हणजे रात्री ते चार्जरवर. म्हातारी माणसे रात्री उठून अंधारात बाथरूमला जातात आणि नेमकी तिथेच पडतात, हे घड्याळाच्या रचनाकारांच्या आई-वडिलांनी त्यांना कधी सांगितले नसावे.

आणखी एक गंमत. अ‍ॅपलच्या घड्याळात 55 वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी ही सोय आपोआप चालू होते, पण वय नोंदलेले असेल तर. घाईत मुलाने स्वतःच्याच खात्यावर, स्वतःच्याच जन्मतारखेने घड्याळ सुरू करून दिले, तर बाबा 38 वर्षांचे ठरतात. ऐकायला बरे वाटते. शिवाय हे घड्याळ आयफोनशिवाय इतर कोणत्याही मोबाइलशी जोडता येत नाही आणि डोंबिवलीतल्या बहुतेक बाबांकडे अँड्रॉइड असतो. मुलाचे जुने घड्याळ ‘बाबांना उपयोगी पडेल’ म्हणून सामानातून आणण्याआधी एवढे तरी पाहावे.

उलट धोकाही आहे. 2022 साली अमेरिकेत नव्या आयफोननी रोलर कोस्टरमध्ये किंचाळणाऱ्या लोकांना मोटार अपघात समजून थेट आपत्कालीन क्रमांक फिरवले होते. भजनी मंडळात बाबा टाळ धरतात. अर्जदार पुढचे बोलत नाहीत.

आता आईविषयी. हात मोकळे ठेवून बोलण्याची खरी गरज या घरात कोणाला असेल तर तिला. कणीक मळताना फोन वाजतो आणि पिठाच्या ओल्या बोटाला काचेचा पडदा दाद देत नाही. अ‍ॅपलच्या सिरीज 9 पासून, म्हणजे 2023 पासून, अंगठा आणि तर्जनी दोनदा टेकवली की फोन उचलला जातो. परातीतला हात न काढता! ही युक्ती ज्याला सुचली त्याने आयुष्यात एकदा तरी पोळ्या लाटल्या असणार. त्या घड्याळाची भारतातली सुरुवातीची किंमत 41,900 रुपये होती. आईने ती ऐकली आणि हात धुऊन फोन घ्यायला आपली काही हरकत नाही, असे कळवले.

शिवाय तिच्या दोन्ही हातांत बांगड्या आहेत. घड्याळ बांगड्यांच्या वर सरकवले तर आवळते, खाली बांधले तर माइकमध्ये बोलण्याआधी काकणेच बोलतात. सिअ‍ॅटलला ऐकू जाते ते किणकिण आणि मधूनच “जेवलास का?” तिला पलीकडचे कळत नाही, त्याचे कारण तर शारीरिक आहे. वयोमानाने आधी उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, स, श, त, थ अशी अक्षरे पुसट होतात आणि बटणाएवढ्या स्पीकरमधून आवाज भरीव होऊन बाहेर पडणे कठीणच. तिने घड्याळ कानाला लावले की तोंड लांब जाते, तोंडापाशी आणले की कान.

आवाजाने नंबर लावण्याचा प्रयोगही झाला. मुलाचे नाव फोनमध्ये ‘बंड्या यूएसए न्यू’ असे आहे, कारण जुना नंबर पुसायचा राहून गेला. आई “बंड्याला लाव” म्हणाली की घड्याळ तिला वांद्र्याचा रस्ता दाखवते. बाबांचा नंबर तर ‘अहो’ या नावाने आहे आणि नवऱ्याचे नाव घ्यायची तिला सवय नाही. उखाणा चालेल का, अशी तिची लेखी पृच्छा आहे.

यात घड्याळाचा दोष थोडा आणि देणाऱ्याचा जास्त. सर्वांत मोठा दोष आपत्कालीन नंबरांच्या यादीत दिसतो. तिथे पहिले नाव मुलाचे असते. डोंबिवलीत पहाटेचे 3 वाजतात तेव्हा सिअ‍ॅटलमध्ये आदल्या दिवशीचे दुपारचे अडीच, हिवाळ्यात दीड. चिरंजीव मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर. आणि समजा, उचलला. मग तो तिथून काय करणार? समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंनाच फोन करणार, कारण लॅचची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. त्या काकूंचा नंबर घड्याळात नाही.

सरकारी क्रमांकांचेही तसेच. आपत्काळात 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे कोणीतरी घड्याळात घालून, एकदा करून दाखवायला हवे होते. ज्येष्ठांची 14567 ही हेल्पलाइन चांगली आहे, पण ती सकाळी 8 ते रात्री 8 चालते. रात्री पडणाऱ्यांनी तिच्या भरवशावर राहू नये.

तरी विनंती की, विक्रेत्यांनी पेटीवर ‘मोबाइल जवळ नसल्यास फोन लागणार नाही’ हे वाक्य ‘कॉलिंग’ या शब्दाएवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावे. रचनाकारांनी चार्जिंगची वेळ दुपारच्या वामकुक्षीत बसवता येईल अशी बॅटरी द्यावी. आणि मुलांनी पुढच्या खेपेस दोन दिवस जास्त राहून जन्मतारीख बाबांची घालावी, जुना नंबर पुसावा, पहिले नाव काकूंचे टाकावे, बाबांना बाथरूममध्येही घड्याळ न काढण्याची सवय लावावी आणि निघण्यापूर्वी मोबाइल घरी ठेवून, बाबांना जिन्यात उभे करून एकदा फोन लावायला सांगावा. तो लागला नाही, तर घड्याळ दुकानात परत करून बाथरूममध्ये भिंतीला धरायचा दांडा आणि रात्रीचा दिवा बसवून द्यावा. प्लंबरचा नंबर बाबांच्या फोनमध्ये आहे.

कळावे,
अर्जदार दाम्पत्यातर्फे,
त्यांचे एक शेजारी