पायी चालणाऱ्या महाशयांस, चोवीस सेकंदांच्या हिशेबासह

श्रीयुत पादचारी, मुक्काम रिंग रोडचा दुभाजक, दिल्ली, यांस सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या बेशिस्तीने राजधानीतल्या वाहनांची फार गैरसोय होते. २०२३ साली देशभरात ३५ हजारांहून अधिक पादचारी रस्त्यांवर मेले. दिल्लीत तर रस्त्यावर मरणाऱ्यांत आपला वाटा अलीकडे चाळीस टक्क्यांच्या आसपास असतो. आपल्यासाठी पादचारी पूल बांधले, तरी आपण खालूनच धावता, अशी आमची मुख्य तक्रार आहे. तिचा हिशेब मांडतो. पुलाखालून ट्रक जायचा म्हणून साडेपाच मीटर उंची मोकळी ठेवतात. पंधरा सेंटिमीटरची पायरी धरली तर छत्तीस-सदतीस पायऱ्या चढायच्या आणि तितक्याच उतरायच्या. आता आठ मार्गिकांचा रस्ता घ्या, रुंदी सुमारे २८ मीटर. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे धरतात, म्हणजे चोवीस सेकंदांत आपण पलीकडे. तेवढा वेळ गाड्या थांबवायच्या, की गुडघे धरलेल्या आजींना सत्तरहून अधिक पायऱ्या मोजायला लावायच्या, एवढाच प्रश्न होता. आम्ही गाड्यांचे चोवीस सेकंद वाचवले आणि वर उपकार केल्याची पाटी आपल्याकडे तोंड करून लावली.

आपल्या लोकांना शिस्तच नाही, असे आमच्यातले पुष्कळ जण म्हणतात. या म्हणण्याला मेट्रोने मोठी अडचण करून ठेवली आहे. २००२ पासून हीच दिल्लीकर माणसे तिथे बाणांमागून मुकाट चालतात, गाडी बदलायला लांबलचक बोगदे तुडवतात. तिथे सरकते जिने चालतात, दिवे लागतात आणि वाट सरळ गाडीपाशी जाते. स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच त्याच माणसाची नीतिमत्ता ढासळते, असे मानायला मन धजत नाही. दोष वाटेतच असावा, अशी शंका येते. ती आम्ही दाबून ठेवली आहे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: द्रुतगती मार्गावर वेगात येणारी वाहने सिग्नलला कशी थांबवायची? थांबवू नयेत, हे मान्य. पण २००८ साली खुला झालेला दिल्ली-गुरुग्राम मार्ग रानातून गेलेला नाही. त्याच्या दोन्ही अंगांना वस्त्या, कचेऱ्या, कारखाने आहेत. अशा ठिकाणी रस्ता वर उचलावा आणि माणसाला जमिनीवरून जाऊ द्यावे. इंजिनाला गुडघे नसतात. शिवाय रिंग रोड काही द्रुतगती मार्ग नव्हे. शहरातल्या रस्त्याला सिग्नलमुक्त करण्याची हौस आमची, आणि तिची किंमत आपली. २००८ मध्येच दिल्लीत आंबेडकरनगर ते मूलचंद बीआरटी, म्हणजे बसची स्वतंत्र मार्गिका, सुरू झाली, तेव्हा बस आणि चालणाऱ्यांना रस्त्याचा हिस्सा मिळाला होता. आखणीत चुका होत्या, हे खरे. पण त्या दुरुस्त करण्यापेक्षा २०१६ मध्ये मार्गच उखडणे सोपे गेले, कारण मोटारवाल्यांचा आवाज मोठा होता. (आमचे पुणेही कमी नाही: पादचारी दिन म्हणून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता चालणाऱ्यांना देतात, आणि १२ तारखेला परत घेतात.)

कायदा आपल्याच बाजूने आहे, हे कळवताना संकोच वाटतो. २०१७ च्या वाहनचालन नियमांप्रमाणे झेब्रा पट्ट्यांवर पहिला हक्क पायी चालणाऱ्याचा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना पादचाऱ्यांसाठी नियम करायला सहा महिन्यांची मुदत दिली. आपण मात्र पट्ट्यांवर उभे राहून गाडी थांबण्याची वाट पाहू नये. चालकाने तो नियम वाचला आहे की नाही, हे आपल्याला एकदाच कळेल.

तूर्त एक व्यवहारी सल्ला. समोरच्या बसथांब्यावर जायचे असेल तर रिक्षा करावी. ती पुढच्या यू-टर्नवरून वळून आपल्याला पलीकडे सोडील. भाडे पडेल, पण चाकांवर बसल्याबरोबर आपली गणना वाहतुकीत होईल आणि आपल्यालाही सिग्नल मिळेल.

आपला हितचिंतक,
एक चारचाकीधारक