अण्णांचं संकेतस्थळ

"मी संकेतस्थळ काढतोय," असं अण्णांनी जाहीर केलं तेव्हा काकूंनी कणीक मळायची थांबवली. "या वयात? आणि कुणाबरोबर?" काकू जुन्या संगीत नाटकांवर पोसलेल्या. संकेतस्थळी फक्त प्रेमिक भेटतात, एवढीच त्यांची माहिती. तेव्हापासून घरात त्याला 'साइट' म्हणतात.

अण्णा बँकेतून निवृत्त झाले ते थेट साहित्यात. दोन कवितासंग्रह आणि एक नर्मदा परिक्रमा, तिन्ही स्वखर्चाने. परिक्रमेच्या पाचशे प्रतींपैकी सव्वातीनशे पलंगाखाली आहेत. काही अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत जाऊन आल्या. परिक्रमाच ती, परत यायचीच.

मी एकदा त्यांच्या फोनची रिंगटोन बदलून दिली होती, म्हणून साइटचं काम माझ्याकडे आलं. लेखकाच्या साइटला लागतं काय? नाव, मुखपृष्ठं, दोन ओळी परिचय आणि पुस्तक कुठे मिळेल ते. वर्डप्रेसवर एका दुपारचं काम. आम्हाला पाच महिने लागले.

पहिला महिना नावात गेला. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' असा पत्ता मिळतो हे अण्णांनी कुठेसं वाचलं होतं. घेतला. मित्रमंडळींना पाठवायला म्हणून कॉपी केला, तर व्हॉट्सॲपवर उमटलं एक्सएन, दोन आडव्या रेघा आणि पुढे इंग्रजी अक्षरांचा चिवडा. यंत्राच्या पोटात मराठी नाव असंच साठवतात, हे मी सांगेपर्यंत एका मित्राने व्हायरस समजून अण्णांनाच ब्लॉक केलं होतं.

मग मजकूर. परिक्रमा टाइप केलेली जुन्या श्रीलिपीत. साइटवर चिकटवली, तर ओंकारेश्वराच्या जागी डॉलरच्या खुणा आणि चौकोन.

"म्हणजे मी लिहिलं ते मराठी नाहीच?"

"अण्णा, ते युनिकोड नाही. दिसायला मराठी, आतून इंग्रजी."

"आमच्या जावईबापूंसारखं," अण्णा म्हणाले आणि पटकन स्वयंपाकघराकडे बघून घेतलं.

परिचयाच्या दोन ओळी मागितल्या, तर सात पानं आली. त्यात एक वाक्य अवतरणचिन्हांत होतं : 'यांच्या प्रतिभेला नर्मदेचं पात्र लाभलं आहे.'

"हे कोण म्हणालं?"

"म्हणेल रे कुणीतरी. आपण जागा करून ठेवू."

फोटोत हनुवटीखाली मूठ, मागे जाडजूड ग्रंथांचं कपाट. ग्रंथ म्हणजे त्यांच्या वकील सासऱ्यांची कायद्याची पुस्तकं.

साइट सुरू झाली. भेटींचा आकडा आठवड्यात दोनशे बाराला पोचला. त्यातल्या निम्म्या अण्णांच्याच, चहाच्या आधी आणि चहाच्या नंतर. उरलेल्या बहुतेक सर्च इंजिनांच्या यंत्रांच्या, पण ते मी बोललो नाही. मग परदेशातून इंग्रजीत पत्र आलं : तुमची साइट फार आवडली, थोडे पैसे भरलेत तर तिला गुगलच्या पहिल्या पानावर आणू. रोज हजारोंना जाणारं हे पत्र. अण्णांनी फक्त पहिलं वाक्य छापून घेतलं आणि फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं. काकूंनी त्या फ्रेमला दसऱ्याला झेंडूची माळही घातली.

परिक्रमा खरंच वाचनीय आहे, हे मी मनापासून सांगतो. कुणाला प्रत हवी असली तर मलाच कळवा. पुस्तक कुठे मिळेल, ते साइटवर टाकायचं राहूनच गेलंय.