बाउलकर, राहणार कोथरूड

जन्माचं आडनाव काहीही असो, माणूस एकदा कार्ब मोजायला लागला की तो बाउलकर होतो. वय पंचावन्न ते पासष्ट. नोकरी संपलेली किंवा संपत आलेली. मुलगा सिएटलला, नाहीतर हिंजवडीला. भेटी दोन्हीकडून सारख्याच कमी. सकाळी वेताळ टेकडी, संध्याकाळी टेकडीवर भेटलेल्यांनी पाठवलेले व्हिडिओ. पाकिटात दगडूशेठच्या छोट्या फोटोच्या पुढे तपासणीचा घडी घातलेला कागद: एचबीएवनसी 6.1. या तपासणीत 5.7 ते 6.4च्या दरम्यान सापडलेल्याला डॉक्टर प्रीडायबेटिक म्हणतात. बाउलकरांना तो हुद्दा वाटतो. ओळख करून देताना नावानंतर लगेच तोच सांगतात.

2018च्या सुमारास महाराष्ट्रात आहाराची फाळणी झाली, तेव्हापासून ते या क्षेत्रात आहेत. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षित: दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटपा. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर: थोडं थोडं, ठरावीक अंतराने, आजी खायची ते खा, तुपाला घाबरू नका. बाउलकर आधी दीक्षितांकडे गेले. पण 55 मिनिटं मिळालेली असताना पंचविसाव्या मिनिटाला पानावरून उठायचं म्हणजे अर्ध्या तासाचं सरळसरळ नुकसान! त्यांनी घड्याळ लावून शेवटच्या मिनिटापर्यंत वसुली केली. वजन वाढलं. मग ते दिवेकरांकडे गेले, मात्र 55 मिनिटांची सवय काही सुटली नव्हती. दर दोन तासांनी 55 मिनिटं असा त्यांचा संयुक्त कार्यक्रम काही महिने चालला. यात दोष दोन्ही पद्धतींचा नाही, हे वहिनी आजही आल्यागेल्याला समजावून सांगतात.

पुढे मुलाने काहीतरी पाठवलं आणि घरात कीटो शिरलं. दिवसभरात 50 ग्रॅमच्या आत कार्ब. फ्लॉवर किसून त्याचा भात करायचा, असं फर्मान निघालं. वहिनींनी फ्लॉवर किसला, वाफवला, वाढला आणि म्हणाल्या, "याला भात म्हणायचं असेल तर उद्या वरणही दुधीचं करते." त्यानंतर कीटो फार दिवस नांदलं नाही. मागे उरलं ते लो-कार्ब, म्हणजे ज्यात आकडा सांगावा लागत नाही असं कीटो.

हे लो-कार्ब जेवायला बाउलकर बालेवाडीतल्या एका मेक्सिकन हॉटेलात 'बाउल' खायला जातात. आता प्रश्न असा, की डाळ-तांदळावर वाढलेल्या या गृहस्थाने त्यासाठी मेक्सिकन हॉटेल का गाठावं? पालेभाजी, ताक, दोन अंडी यांवर लो-कार्ब घरबसल्या होतं. माझ्या मते कारण पोटात नाही, स्वभावात आहे. पुण्यात गिऱ्हाइकाने दुकानदाराला सांगायची रीत नाही. दुकानदार सांगतो, गिऱ्हाईक ऐकतं. रस्सा किती वेळा मिळेल, सुटे पैसे कोणी आणायचे, दुपारी बेल वाजवली तर काय होईल, हे सगळं भिंतीवर लिहिलेलं असतं आणि त्यात बदल होत नाही. बाउलकरांनी साठ वर्षं हे सोसलं. नारायण पेठेतल्या एका मिसळवाल्याला त्यांनी एकदा "पाव नको, तेवढे पैसे कमी करा" असं सांगून पाहिलं होतं. त्यावर मालकाने मान वर न करता "पुढचे कोण?" एवढंच विचारलं.

आणि मग, चांदणी चौकातल्या उड्डाणपुलावरून एकदा मुळशीच्या दिशेने निघून, परत वळून, ते बालेवाडीतल्या त्या काचेच्या काउंटरपुढे उभे राहिले. पलीकडे स्टीलचे ट्रे मांडलेले, त्यामागे हातमोजे घातलेला मुलगा, आणि तो मुलगा दर पावलाला विचारतोय: हे घालू? ते घालू? जास्त? कमी? साठ वर्षांत पुण्यात त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. तिथे त्यांना "नको" म्हणता आलं, तेही सलग सात-आठ वेळा. लो-कार्ब हे निमित्त. खरी गोडी त्या नको म्हणण्याची.

मी त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि मागे गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या मुलामुलींची रांग होती.

"बरिटो या बाउल?"

"बाउल. लेकिन उसमें भात मत डालो."

"ब्राऊन राइस चलेगा?"

"भात गोरा हो या सावळा, भात ही रहता है."

"बीन्स?"

इथे बाउलकर थांबले. शाकाहारी लो-कार्ब माणसाची सगळी पंचाईत या ट्रेपाशी येते. प्रथिनं हवीत म्हणून कडधान्याकडे जावं, तर सुक्या डाळीत वीस-बावीस टक्के प्रथिन आणि साठ टक्क्यांच्या आसपास पिष्टमय पदार्थ. एक रुपया आणायला गेलं की तीन रुपये खर्च.

"काला राजमा और ये भुरा राजमा, दोनों में फायबर किसका जादा है? नहीं, वो क्या है, फायबर का वजावट मिलता है."

"काका, मराठीत बोला ना. मी लातूरचा आहे."

"लातूर! अरे, म्हणजे दीक्षितांचं लातूर!" डॉक्टर तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते, हे बाउलकरांना तोंडपाठ. "तुमच्याकडे तर घरोघरी दोनदाच जेवत असतील."

"आमची आई दोनदाच जेवते," मुलगा म्हणाला. "आधीपासूनच. शेतातून यायला वेळच तेवढा होतो."

यावर बाउलकर क्षणभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "काळा घाल. अर्धा डाव. मका नको."

पुढे परतलेली सिमला मिरची आणि कांदा दोनदा, पनीर, चीज, सावर क्रीम, "ही कोशिंबीर का? दाण्याचं कूट नाही घालत यात?", ग्वाकामोलेला वेगळे पैसे पडतात म्हणून तो नको, आणि लेट्यूस फुकट म्हणून वाटीच्या काठाबाहेर येईल इतका. शेवटी गल्ल्यापाशी तो प्रश्न आला, ज्यासाठी मी एक पाऊल मागे सरकून उभा होतो.

"यात भात नाही. पोळी नाही. मका नाही. तर किती कमी होतील?"

"किंमत तीच असते काका."

"असं कसं? घातलंच नाही त्याचे पैसे?"

लातूरकर हुशार. त्याने वाद न घालता पनीरचा आणखी एक डाव टाकला. बाउलकरांचा चेहरा उजळला. भाताची भरपाई पनीरने झाली, पोळीची सावर क्रीमने, आणि मक्याबद्दल तोंडी लावायला हालापिन्यो मिरच्या. वजनाने ती वाटी आता बरिटोपेक्षा जड होती. शिवाय कॉम्बो घेतला तर स्वस्त पडत होता, म्हणून कॉम्बो घेतला. कॉम्बोत चिप्स आल्या. त्या मागितलेल्या नव्हत्या, आलेल्या होत्या. आणि आलेलं टाकायचं नाही असे त्यांच्यावर संस्कार आहेत.

आकड्यांचं त्यांना वेड असल्यामुळे मीही थोडे आकडे बघून ठेवले आहेत. ही काचेपुढे उभं राहून जेवण जुळवून घ्यायची पद्धत जगभर गाजवली ती अमेरिकेतल्या चिपोटलेने. स्टीव्ह एल्स नावाच्या स्वयंपाक्याने 1993 साली डेन्व्हरमध्ये ते दुकान काढलं. पोळीत गुंडाळलेला बरिटो हाच तिथला मुख्य पदार्थ. पोळीवाचूनची वाटी त्यांच्या यादीत आली 2003 साली, अमेरिकेत डॉ. अ‍ॅटकिन्स यांच्या लो-कार्बची लाट ऐन भरात असताना. त्यांच्याच तक्त्याप्रमाणे बरिटोच्या त्या मोठ्या मैद्याच्या पोळीत सुमारे 50 ग्रॅम कार्ब असतात आणि भाताच्या वाढपात सुमारे 40. चिप्सच्या नेहमीच्या पिशवीत 70च्या वर. म्हणजे पोळी वगळून चिप्स खाल्ल्या तर हिशेब वीसेक ग्रॅमने अंगावर येतो. तिकडची मापं मोठी आणि इकडची लहान, हे मान्य. पण चिप्स आणि पोळी यांचं आपसातलं नातं चांदणी चौक ओलांडल्याने बदलत नसावं. हे मी बाउलकरांना सांगितलं. ते म्हणाले, "चिप्स मक्याच्या असतात. मैदा नाही." मघाशी ट्रेमधला मका त्यांनीच नाकारला होता, हे त्या क्षणी बोलायची सोय नव्हती, कारण त्यांचं तोंड भरलेलं होतं आणि बोट वर होतं. बोट वर असलं की पुढचा मुद्दा येणार.

मुद्दे त्यांच्याकडे भरपूर. डॉ. अ‍ॅटकिन्स 2003 साली वारले, असं कोणी खोचकपणे म्हटलं की ते ताडकन सांगतात, "न्यूयॉर्कमध्ये बर्फावरून पाय घसरला. आहाराचा काय संबंध?" आणि हे खरं आहे. या सगळ्याचा मूळपुरुष त्यांच्या मते विल्यम बँटिंग. लंडनचा हा गृहस्थ बड्या लोकांच्या अंत्ययात्रांची व्यवस्था पाहायचा. वजन इतकं वाढलं की जिने उतरणं अवघड झालं. डॉक्टरने पाव, साखर, बिअर, बटाटा बंद केला, तो बारीक झाला, आणि 1863 साली त्याने स्वतःच्या खर्चाने त्यावर एक पुस्तिका छापून वाटली. मला या बँटिंगबद्दल आपुलकी वाटते. वजन उतरल्याबरोबर ते जगाला कळवल्यावाचून राहवत नाही, हा या जमातीचा गुण तेव्हापासूनचा. फक्त त्याला छपाईचा खर्च येत होता.

"पण तुम्ही तर बारीकच आहात," असं एखादी भाबडी बाई म्हणाली, की बाउलकरांचा आवाज खाली येतो आणि ते केईएमपासून सुरुवात करतात. मुंबईचं नव्हे, रास्ता पेठेतलं. तिथल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2. दिसायला सडपातळ, आतून लठ्ठ, अशी आपल्या लोकांची ठेवण असते, आणि ती पोटातल्या बाळापासून सुरू होते, यावर याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये वर्षानुवर्षं काम केलं आहे. विनोदाचा भाग सोडला तर बाउलकरांची भीती खोटी नाही. भारतीय माणूस दिवसभराच्या ऊर्जेपैकी साधारण 62 टक्के पिष्ट-साखरेतून मिळवतो, असं आयसीएमआरच्या देशभरच्या पाहणीत निघालं. बाउलकरांना यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं म्हणाल, तर लठ्ठ न दिसता लठ्ठ असण्याचा शोधसुद्धा पुण्यात लागला हे.

त्यांचं लो-कार्ब मोडतं ते चतुर्थीला. उपवासाला भात-पोळी चालत नाही, यावर धर्म आणि बाउलकर यांचं एकमत. पण साबुदाण्याची खिचडी चालते, यावर फक्त धर्माचं मत असायला हवं होतं. साबुदाणा म्हणजे कंदाचं निव्वळ पीठ, सेलमकडच्या गिरण्यांमध्ये गोल केलेलं. त्यात बटाटा. पण त्या दिवशी ते चमचा हातात घेऊन भूगोल शिकवतात: मिरची मेक्सिकोची, बटाटा पेरू देशाकडचा, शेंगदाणा आणि साबुदाण्याचा कंद दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगिजांनी हे आणलं नसतं तर आपल्या चतुर्थीला काय उरलं असतं? जिरं आणि तूप! "म्हणजे मी आजही मेक्सिकनच खातोय," असं म्हणून ते दुसऱ्यांदा वाढून घेतात. वहिनींनी एकदा राजगिऱ्याची भाजी पुढे ठेवली, ती मात्र परत गेली. उपवासाच्या दिवशी डाएट करणं त्यांना जिवावर येतं.

यंदा गणपतीत त्यांच्याकडे गेलो होतो. उकडीचे मोदक झाले होते, कळ्या अगदी नाकीडोळी नीटस. बाउलकरांनी नियम जाहीर केला: पारी तांदळाची, तेव्हा पारी बंद. वहिनींनी काही न बोलता त्यांच्यापुढे रिकामी वाटी ठेवली, त्यात नुसतं सारण घातलं. त्यांनी वरून तूप मागून घेतलं, कारण तूप फॅट आहे, फॅटला हरकत नाही. नातू त्यांच्या ताटातल्या रिकाम्या पाऱ्या मिटक्या मारत खात होता. वाटी संपली, दुसरी भरली, तीही संपत आली.

"आणि गूळ?" मी विचारलं.

"गुळात लोह असतं," बाउलकर म्हणाले आणि वाटी वहिनींच्या पुढे केली.