एका पायाचे राज्यशास्त्र

पराभूत सेनापतीने सत्तेपासून दूर राहावे, हा भाबडा समज मेक्सिकोच्या अंतोनिओ लोपेझ दे सांता आना यांनी मोडीत काढला, याबद्दल राज्यशास्त्राने त्यांचे ऋणी राहावयास हवे. 1836 मध्ये टेक्सास गमावून ते शत्रूच्या हाती सापडले. पण 1838 मध्ये वेराक्रूझ बंदरात फ्रेंच तोफांच्या माऱ्यात त्यांचा पाय गेला आणि पायासोबत बदनामीही गेली. तो पाय 1842 मध्ये राजधानीत लष्करी इतमामाने पुरण्यात आला, तर 1844 मध्ये संतप्त जमावाने उकरून रस्त्यांतून फरफटवला. म्हणजे मानवंदना आणि पदच्युती असे दोन्ही सोहळे त्याने धन्याविना पार पाडले. 1846 मध्ये तहाची ग्वाही देऊन ते अमेरिकी नाकेबंदीतून, अर्थात बंदरांभोवतीच्या शत्रुनौकांच्या वेढ्यातून, सुखरूप मायदेशी उतरले आणि अमेरिकेविरुद्धच सेनापती झाले. देशाचा निम्मा भूभाग हातचा गेल्यावर, 1853 मध्ये, त्यांना सन्मानाने पुन्हा बोलावण्यात आले, कारण गमावण्याचा एवढा दांडगा अनुभव अन्य कोणाच्या गाठीशी नव्हता. दुसरा पायही गेला असता, तर तहहयात सत्ता निश्चितच होती. 1847 मध्ये सेर्रो गोर्दोच्या लढाईत इलिनॉयच्या सैनिकांनी पळवलेला त्यांचा कृत्रिम पाय मात्र आजही स्प्रिंगफील्डच्या लष्करी संग्रहालयात आहे.